चिखल पुसू नका

माझी वहिनी पुराचा विमा विकते. नदीकाठच्या माणसांना पुराचा विमा विकणं सोपं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही नदीकाठी राहिलेले नाही आहात. ती गल्लीत शिरली की पटापट दारं लागतात. कापडवाला गिऱ्हाईक सोडून मागच्या खोलीत गडप होतो. एका आजोबांनी तर तिला तोंडावर सांगितलं, "बाई, तू आलीस की आभाळ भरून येतं बघ." नावाने तिला कुणीच हाक मारत नाही, गावभर ती पूरवहिनी. माझी ती सख्खी वहिनी, भावाची बायको. आता अख्ख्या गावाची होऊन बसली आहे आणि मला त्याचा थोडा रागच येतो.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं शिवणकामाचं दुकान. मापं द्यायला येणाऱ्या बायका मापं कमी आणि वहिनीच्या तक्रारीच जास्त देतात. "काल पुन्हा आली होती हो तुमची भावजय. घरात शुभकार्य आणि ही विचारतेय पाणी कुठवर आलं होतं!" मी तोंडात टाचण्या धरून नुसती मान हलवते. टाचण्यांचा हा एक मोठा फायदा आहे.

पण तिची ती पद्धतच आहे. विम्याचं नावसुद्धा ती आधी काढत नाही. घरात गेली की प्यायला पाणी मागते, भिंतींकडे एक नजर टाकते आणि सहज विचारल्यासारखं विचारते, "तुमच्याकडे किती आलं होतं?" एवढं विचारलं की आमच्याकडचा माणूस गप्प बसूच शकत नाही. आमच्या गावाने तीन मोठे पूर पाहिलेत. थोरला पूर, मग जुना पूल घेऊन गेलेला तो पुलाचा पूर, आणि बाजारात होड्या फिरल्या तो बाजाराचा पूर. लग्नं, बारशी, मरणं, सगळं आम्ही याच हिशेबाने सांगतो. थोरली मुलगी पुलाच्या पुराआधीची, धाकटी नंतरची, असं. पुरुषमाणसं हात छातीशी नेऊन सांगतात, "इथपर्यंत पाणी होतं, इथपर्यंत!" मग स्वयंपाकघरातून आवाज येतो, "छातीपर्यंत म्हणे! तुम्ही खाली बसला होतात." घर विकायला काढलेलं असेल तर मात्र त्या घरात पाणी कधीच आलेलं नसतं. पायऱ्यांवरचं शेवाळ आपलं हौसेने उगवलेलं असतं.

मध्यंतरी सरकारने पुराचा नकाशा काढला आणि कचेरीच्या भिंतीवर लावला. जिथे पाणी भरण्याचा धोका जास्त तिथे लाल रंग, कमी तिथे पिवळा. तेव्हा जो तमाशा झाला तो पुरात झाला नव्हता. दूधवाला नकाशासमोर उभा राहून ओरडत होता, "माझं घर लाल कुणी केलं? मला त्याचं नाव सांगा!" दोन भाऊ एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहतात, त्यांची नेमकी वाटणी झाली, थोरला लाल आणि धाकटा पिवळा. थोरल्याला वाटलं धाकट्याने पैसे चारले. ते दोघे अजून बोलत नाहीत. वहिनीने त्यांना समजवायचा प्रयत्न केला, "अहो दादा, नकाशामुळे पूर येत नाही. पाणी कुठून जातं एवढंच तो सांगतो." त्यावर थोरला म्हणाला, "मग पाण्याला सांगा की धाकट्याकडून जायला."

एवढं ऐकून घेऊनही ती पिशवी खांद्याला लावून पुन्हा निघते. मी एकदा वैतागून म्हटलं, "दुसरं काहीतरी विक ना गं. साबण विक, भांडी विक." ती हसली आणि माझी कात्री धार लावायला घेऊन गेली. उत्तर द्यायचं नसलं की ती असं काहीतरी काम काढते.

उत्तर मला माहीत होतं. तिचं माहेर नदीच्या खालच्या अंगाला होतं, लहानशी वस्ती. थोरल्या पुरात ती सगळी वस्ती गेली. माणसं वाचली, पण ज्याला जिथे आसरा मिळाला तिथे तो गेला. हिला मामाने परगावी नेलं. आईवडील नंतर फार जगले नाहीत. बोट दाखवून सांगावं की हे माझं माहेर, अशी जागाच उरली नाही. तिथे आता नदी वळण घेते. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा आमची आई जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. घरात मी, भाऊ आणि दोघांचा मिळून एक कोपिष्ट स्वभाव. ती पोटुशी राहिली, दिवस भरत आले, तरी तिला कुठे पाठवायचं आणि कोण बघणार, हे आम्हा दोघांच्या डोक्यातही आलं नाही. तान्ह्या मुलांची तर मला भीतीच वाटते.

ते आलं नर्समावशींच्या डोक्यात. सरकारी दवाखान्यातल्या नर्स त्या. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली. तपासायला म्हणून घरी आल्या, माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, चुलीवर करपलेल्या पातेल्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला मी घेऊन जाते." विचारलं नाही, सांगितलं. वहिनी बाळंतपणाला त्यांच्याकडे गेली ती बाळ चांगलं गुटगुटीत होईपर्यंत परत आली नाही. तेव्हापासून भावाशी भांडली, माझ्याशी वाजलं किंवा नुसताच कंटाळा आला की ती पायात चपला सरकवते आणि म्हणते, "जरा मावशींकडे जाऊन येते." येते ती चेहरा धुतल्यासारखी होऊन. तिथे दोघी काय बोलतात कोण जाणे. मी एकदा मागोमाग जाऊन पाहिलं. मावशी शेंगा सोलत होत्या आणि वहिनी जमिनीवर पालथी पडून झोपली होती. आमच्या घरी तिला दिवसा झोपलेली मी कधी पाहिलेली नाही.

मावशींनी लग्न केलं नाही. नदीकडे पाठ करून त्यांचं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्या घरात जायचं म्हणजे परीक्षाच. बाहेरच्या चपला बाहेर, आतल्या आत, न्हाणीघराच्या आणखी वेगळ्या. हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय कशाला शिवायचं नाही. माणसं त्यांना नावाने आठवत नाहीत, जन्माने आठवतात. गावातला गवंडी पायाळू जन्मला, म्हणून तो चारचौघांत 'उलट्या'. रंगारी जन्मला तेव्हा निळा पडला होता, तो अजून 'निळ्या'. सुतार वजनाला भारी निघाला, तो 'भोपळा'. भर बाजारात "ए उलट्या, खोकला गेला का रे?" असा आवाज आला की मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला तो माणूस हातातली विडी लपवतो.

त्यांच्या स्वच्छतेची चेष्टा मीही करायचे. पण एकदा ब्लाउजचं माप देताना त्या आपणहून बोलल्या. थोरल्या पुराच्या वर्षी त्या नोकरीवर नव्या होत्या. "पाणी ओसरलं की लोक हुश्श करतात," त्या म्हणाल्या. "माझं काम तिथून सुरू झालं. चिखल विहिरीत, चिखल भांड्यात, चिखल मुलांच्या नखांत. शाळेचे वर्ग भरले होते आजारी मुलांनी. सगळी नाही वाचवता आली मला." मग हात वर करून म्हणाल्या, "काखेत घट्ट नको हं ठेवूस." मी दोनदा माप घेतलं, कारण पहिल्यांदा टेपवरचे आकडेच मला दिसेनात.

त्यांना विमा विकताना वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा आपली पद्धत मोडली. इतर ठिकाणी ती पॉलिसीतला शब्दन् शब्द फोड करून सांगते, काय मिळेल, काय मिळणार नाही, पाणी ओसरल्यावर काय करायचं, काय मुळीच करायचं नाही. माणसं जांभया देतात तरी सांगते. मावशींपुढे तिने कागद ठेवले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला कशाला गं आता? बरं, तुझ्या समाधानासाठी. कुठे सही करू? आणि समजावत बसू नकोस, चहा गार होतोय." हिनेही समजावलं नाही. घरच्याच माणसाला काय समजवायचं? वेळ आली तर मी आहेच ना, असं तिला वाटलं.

वेळ यंदा आली. वरच्या अंगाला पाऊस इतका झाला की धरणाचे दरवाजे उघडावे लागले. गाडी भोंगा लावून गल्लीगल्लीतून फिरली. आम्ही शिलाई मशीन दोरीने बांधून माळ्यावर चढवलं, तेव्हा भावाचा आणि माझा एकमेकांवर ओरडून घसा बसला. सगळी खालची वस्ती शाळेच्या वरच्या मजल्यावर गेली. मावशी तिथेही साबण घेऊन आल्या होत्या आणि जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी उभ्या राहून प्रत्येकाचे हात बघत होत्या. पाणी बाजाराच्या पुराला मागे टाकून गेलं. गल्ल्यांत ते दोन-तीन दिवस मुक्कामाला राहिलं आणि मग आलं तसं निघून गेलं. मागे राहिला गाळ.

पाणी उतरल्याबरोबर वहिनी भावाचे गमबूट घालून बाहेर पडली. ते तिला मोठे, त्यामुळे चालताना फटक् फटक् वाजत. घराघरासमोर उभी राहून ओरडत होती, "चिखल पुसू नका! काही फेकू नका, धुऊ नका. फोटो काढून ठेवा. विम्याचे पाहणीचे साहेब येईपर्यंत सगळं आहे तसं राहू दे!" बायका खवळल्या. चार दिवस शाळेच्या फरशीवर काढून घरी यायचं आणि परत चिखलातच बसायचं? मीसुद्धा फडकं पिळून तयार होते. माझं दुकान, माझी कापडं, भिंतीला चिकटलेला तो घाण वासाचा थर. तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. "वन्सं, एक बोट जरी भिंतीला लावलंत ना!" एरवी मी तिची ताई. वन्सं म्हणाली की समजायचं, आता बोलण्यात अर्थ नाही.

गल्ल्या बऱ्याच होत्या. परक्यांची घरं आधी उरकू, मावशींचं काय, घरचंच आहे, असं म्हणत तिने नदीकडची गल्ली शेवटी ठेवली. तिथे पोचायला तिला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. मी बरोबर होते.

मावशींचं घर लखलखत होतं. भिंती पांढऱ्याशुभ्र. फरशीत तोंड दिसावं. दार बिजागरीत नीट बसवलेलं. फिनेलचा वास गल्लीच्या टोकापर्यंत. उलट्या, निळ्या, भोपळा आणि आणखी दहा-बाराजण, सगळी मावशींच्या हातावर जन्मलेली, स्वतःच्या घरातला चिखल तसाच टाकून पहाटेपासून इथे राबली होती. वहिनीच्या ओरडण्यातलं 'साहेब येणार' तेवढंच त्यांच्या कानावर पडलं होतं. मावशींच्या घरी साहेब येणार आणि घर घाण? मग काय, लागले कामाला. निळ्याने जपून ठेवलेला चुना आणला. भोपळ्याने दार तासलं. मावशी उंबऱ्यात उभ्या होत्या, चेहरा फुललेला. "ये. पाय धू आधी."

वहिनी पायरीवर मटकन बसली.

"मावशी, पाणी कुठवर आलं होतं?"

"खिडकीच्या वर."

"मग दिसत का नाही?"

"दिसायला कशाला हवं?"

"गादी? कपाट?"

"दिलं टाकून. गाळ भरलेल्या गादीत काय काय असतं तुला ठाऊक आहे का? गाडीवाला घेऊन गेला सगळं."

वहिनीने सगळ्यांकडे वळून विचारलं, "कुणी फोटो तरी काढला का?" निळ्या उत्साहाने पुढे आला, "काढला की वहिनी!" फोनमध्ये फोटो होता. चकचकीत घर, त्यापुढे ओळीने ही सगळी मंडळी, मध्ये मावशी. सगळे हसत होते.

मला हसू आलं, अगदी आतून. पण वहिनीकडे पाहिलं आणि ते तिथेच विरलं. इतक्या वर्षांत तिने गावभर जे घसा फोडून सांगितलं, ते एका घरी सांगायचं राहिलं, आणि ते नेमकं हे घर.

नुकसान गादीचं नव्हतं. उलट्याने बाजूला घेऊन सांगितलं की मागची, नदीकडची भिंत खालून धुपली आहे. पाण्याने पायाखालची माती नेली आणि तिथे गाळ भरून ठेवला. त्याने भेग बुजवून वर गिलावा केला होता, मावशींना दिसू नये म्हणून. "पुढचा पावसाळा नाही काढायची वहिनी. पाया खणून नव्यानेच उचलायला पाहिजे." आणि ते करणार कोण? हात सगळे देतील, पण विटा, सिमेंट, सळ्या कुठून आणायच्या? गावात कुणाच्याच घरात काही उरलं नव्हतं.

मावशींचा भाचा शहरात असतो. चांगला आहे पोरगा, उगीच नावं ठेवणार नाही. रोज फोन करत होता, "आत्या, घर विकून टाक आणि इकडे ये. खोली तयार ठेवली आहे." मावशींनी त्याला सांगून टाकलं होतं की विम्याचं काही झालं तर घराची डागडुजी करून राहते, नाहीतर येते. वहिनीला हे त्यांनीच सांगितलं, शेंगा सोलता सोलता. वहिनीने "बरं" म्हटलं. घरी येऊन ती जेवली नाही. भावाने काय झालं विचारलं तर त्याची कात्रीही धार लावायला न्यायला निघाली. त्याच्याकडे कात्री नाही.

दुसऱ्या दिवशी उलट्या तिला गाठून हळूच म्हणाला, "वहिनी, एक युक्ती आहे. नदीवर चिखल काय कमी आहे? दोन हातगाड्या आणतो, भिंतींना फासतो, झालं!" एवढी संतापलेली वहिनी मी पाहिली नव्हती. "एक खोटं पकडलं ना, तर सगळ्या गल्लीच्या क्लेमवर संशय येईल. दूधवाल्याच्या, शाळेच्या शिपायाच्या, सगळ्यांच्या. मग कुणाच्या दारात उभी राहू मी?" उलट्या खाली मान घालून उभा राहिला. ती मग त्याच्यासाठी चहा टाकायला गेली, कारण त्याचा हेतू काय होता ते तिलाही कळत होतं.

साहेब आले. थकलेला, मध्यमवयीन माणूस. आठवडाभर चिखलातून फिरून गमबुटांचा रंग ओळखू येत नव्हता. आमच्या गल्लीत तो बूट घालूनच घराघरांतून फिरला होता. मावशींच्या उंबऱ्याशी आला, आत पाहिलं आणि मुकाट्याने बूट काढले. मोज्यातून अंगठा डोकावत होता, तो त्याने दुसऱ्या पायाखाली लपवला. मावशींनी त्याचे हात धुवून घेतले.

"मावशी," तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "पाणी आल्याची काही खूण?"

"एकही ठेवली नाही," मावशी अभिमानाने म्हणाल्या.

अंगणात मंडळी जमलीच होती. साक्षीदार आहेत का असं साहेबांनी विचारायचा अवकाश, सगळे एकदम बोलायला लागले. भोपळा म्हणाला, मी स्वतः दोन कपाटं बाहेर काढली. निळ्या म्हणाला, तीन गाद्या होत्या, तिन्ही कापसाच्या. उलट्याला वाटलं आपण मागे पडतोय, तो म्हणाला, "आणि फ्रिज! नवाकोरा!"

"फ्रिज?" मावशी वळल्या. "माझ्याकडे फ्रिज कधी होता रे उलट्या?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. वहिनी पुढे झाली. "साहेब, एक गादी, एक खाट, एक लोखंडी कपाट. एवढंच होतं. ही सगळी त्यांचीच पोरं आहेत, त्यांच्यासाठी खोटं बोलतायत. त्यांना माफ करा. घर पुसू नका हे मी मावशींना सांगायला हवं होतं. मी एजंट आहे त्यांची. मी सांगितलं नाही."

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "गादी-कपाटाचं बघू. आजूबाजूच्या घरांवर पाण्याची रेघ आहे, ती काही या घराला वळसा घालून गेली नसणार. पण घराचं नुकसान दिसल्याशिवाय मला लिहिता येत नाही." ते उठून घरभर फिरले. आपलं काम त्यांना येत होतं. मागच्या भिंतीशी थांबले, तळहाताने थापटलं, खाली वाकून कान लावला. "हा गिलावा ओला आहे. आत काय आहे?"

उलट्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "खरं ते सांग." त्याने सांगितलं, पाया धुपलाय, भेग आहे, आत गाळ आहे. साहेब म्हणाले, "मग फोडून दाखवा. मी फोटो घेतो, लिहितो. हे नुकसान पॉलिसीत बसतं."

आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मावशी सोडून.

"नाही," त्या म्हणाल्या. "फोडायचं नाही."

"अहो मावशी, त्याशिवाय..."

"भेग आहे हे मला आत्ता कळतंय. असू दे. पोरांनी घरचं सोडून इथे जीव ओतलाय आणि मी त्यावर हातोडा चालवू? आणि तो गाळ परत माझ्या घरात?" मी त्यांना ओरडताना शेकडो वेळा ऐकलं होतं, असं बोलताना नाही. "फार उपसला मी हा चिखल आयुष्यभर. आता हात चालत नाहीत माझे. साहेब, तुम्ही काही नुकसान नाही म्हणून लिहा आणि मोकळे व्हा. मी जाते भाच्याकडे. उगाच ओढ कशाला?"

भोपळ्याने डोळे पुसले, तेवढं मोठं धूड. मी वहिनीच्या तोंडाकडे बघत होते. ही बाई बंद दारांशी बोलते, जांभया देणाऱ्यांशी बोलते, लाल-पिवळ्या भावांची समजूत काढायला जाते. आता बोलेल, काहीतरी सुचेल तिला. तिचे ओठ नुसते हलले. मी तिच्या पाठीत कोपर मारलं, अगदी खरंखुरं मारलं, "बोल ना गं!"

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही गेलात तर मी कुठे येऊ?"

मावशींना आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"भांडण झालं की मी कुठे येऊ? कंटाळा आला की? मला दुसरं माहेर नाही हो." आणि मग ती लहान मुलीसारखी, साहेबांसमोर, सगळ्या गावासमोर, भावाच्या त्या मोठ्या गमबुटांत उभी राहून हमसून रडायला लागली. लग्न झाल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आमच्या घरी तिने ते कधी केलंच नव्हतं. तेही ती इथे येऊन करत असणार.

मावशी उभ्या राहिल्या तशाच राहिल्या. त्यांनी त्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. मग पदर खोचला.

"उलट्या."

"हां मावशी."

"फोड."

त्याने हातोडा उचलला तरी हात पुढे होईना. "अरे फोड म्हणते ना!" तेव्हा त्याने घाव घातला. गिलाव्याचा मोठा पापुद्रा सुटून पडला, भेग उघडी पडली आणि आतला काळा गाळ भसाभसा त्या लखलखीत फरशीवर आला. वास सुटला. साहेब वाकून वाकून फोटो घेत होते, "आणखी खाली, हां, पाया दिसू दे." मावशींच्या हाताची बोटं सारखी मिटत-उघडत होती, पण त्यांनी फडकं उचललं नाही. गाळ पसरत त्यांच्या पायापाशी आला, तरी त्या मागे सरल्या नाहीत. तशाच त्यातून चालत वहिनीपाशी गेल्या आणि हात न धुता, कुणालाही धुवायला न लावता, त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फोन लाव गं माझ्या भाच्याला. सांग त्याला, आत्याला येता येणार नाही. लेक माहेरी आली आहे."

फोन मीच लावला. पलीकडून तो "हॅलो, हॅलो" करत होता, त्याला मी मावशींचा निरोप शब्दन् शब्द सांगितला.